पूर्वेकडे जरासं जड

मार्गशीर्षातली अमावास्या तोंडावर आली की आमच्या लोह्यात दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे : लातूर रस्त्यावर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघालेली घोड्यांची, गाढवांची, उंटांची आणि माणसांची वर्दळ. दुसरी गेल्या दोन-तीन वर्षांतली आणि फक्त आमच्या गल्लीपुरती. आमच्या शेजारच्या घराच्या स्लॅबवर रात्री नऊनंतर एक तांबडा दिवा मिणमिणायला लागतो आणि एक पोरगं कानटोपी घालून लॅपटॉपसमोर बसलेलं दिसतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडिलांचं मोटारपंपाचं वाइंडिंग करायचं दुकान. पोराला नाद लागलाय आकाशाचे फोटो काढायचा.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री त्यानं खालून हाक मारली, "काका, जरा वर या. तारे पळायलेत. काय बी केलं तरी थांबनात."

मी निवृत्त बँक अधिकारी. चार कादंबऱ्या नावावर आहेत, पण खगोलशास्त्रातलं माझं ज्ञान मृग, व्याध, सप्तर्षी आणि पंचांगाचं शेवटचं पान एवढंच. तरीही मी जिना चढलो. त्या दुर्बिणीत माझे थोडे पैसे अडकलेले होते. ते का, हे पुढे सांगेन. आधी त्या पळणाऱ्या ताऱ्यांचं सांगतो, कारण त्या रात्री मला जे दिसलं त्यावरून एक गोष्ट फार तीव्रतेनं मनात आली, आणि ती दुर्बिणीपुरती राहिली नाही.

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारते. आपल्याला वाटतं, आकाश सरकतं. ते तासाला १५ अंश सरकतं. नुसत्या डोळ्यांनी हे जाणवत नाही. पण मृगातला तेजोमेघ असा अंधुक असतो की त्याचा फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचा डोळा एकेका वेळी तीन-तीन मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात दुर्बीण जागेवर राहिली तर ताऱ्याचा ठिपका उमटत नाही, रेघ उमटते. म्हणून दुर्बिणीला पृथ्वीच्या उलट दिशेनं, नेमक्या तेवढ्याच गतीनं फिरवावं लागतं. हे काम दुर्बिणीची नळी करत नाही, तिच्या खालची बैठक करते. तिला या नादातली मंडळी माउंट म्हणतात.

या बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो. लोह्याचा अक्षांश १९ अंशांच्या आसपास, म्हणून ध्रुव आपल्याला क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर दिसतो. या पोराच्या स्लॅबवरून तर तो शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागेच होता. बैठक दोनदा उचलून कोपऱ्यात न्यावी लागली तेव्हा दिसला. दुसरा अक्ष पहिल्याला काटकोनात. त्याच्या एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाच्या दांड्यावर लोखंडी वजनं. आपल्याकडे वाण्याच्या तराजूला पासंग असतो ना, तसा हा दुर्बिणीचा पासंग.

आता बैठक कितीही चांगली असली तरी तिचे दाते माणसानंच कापलेले. गतीत बारीक चूक राहतेच. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवतात. तो दर दोन-तीन सेकंदांनी एकाच ताऱ्याकडे बघतो. तारा जागचा हलला की संगणक मोटारीला सांगतो, इकडे जरा, तिकडे जरा. याला गायडिंग म्हणतात. हे काम करणारं, जगभर फुकट वापरलं जाणारं जे सॉफ्टवेअर आहे त्याचं नाव पीएचडी. "रातभर पीएचडी लावून बसतंय पोरगं," असं त्याच्या आईनं विहिणीला फोनवर सांगितल्यापासून आमच्या गल्लीत त्याचा भाव चांगलाच वधारला आहे.

किती बारीक हलणं पकडायचं, याची कल्पना यावी म्हणून माझ्या सवयीचं उदाहरण देतो. अंशाचे ६० भाग म्हणजे कला, आणि कलेचे ६० भाग म्हणजे विकला. अडीच सेंटीमीटर व्यासाचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं तर ते आपल्याला साधारण एक विकला एवढं दिसेल. दिसेल म्हणजे दिसणार नाहीच! या पोराच्या कॅमेऱ्यातला एक ठिपका म्हणजे दीड विकला. दुर्बीण त्या नाण्याच्या दोन-चार पट इकडेतिकडे झाली की तारा गोल राहत नाही, तांदळाच्या दाण्यासारखा होतो. तीस वर्षं नाणी मोजली, पण पाच किलोमीटरवरच्या नाण्याचा हिशेब ठेवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

तर त्या रात्री तारे तांदळाच्या दाण्यासारखे येत होते. मी विचारलं, "तोल बरोबर आहे का?" मला तेवढंच विचारता येत होतं.

"एकदम परफेक्ट आहे काका. दाखवतो की."

आणि त्यानं दाखवलं. ते मला फार आवडलं. आधी दुर्बिणीवर जे जे लागणार ते सगळं चढवलं : कॅमेरा, छोटी दुर्बीण, दव धरू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी. वायरीसुद्धा लावल्या. कारण रिकाम्या दुर्बिणीचा तोल भरल्या दुर्बिणीला लागू पडत नाही. मग वजनांचा दांडा आडवा करून त्या अक्षाची पकड आवळली. एक हात नळीखाली ठेवला. तो हात काढायचा नाही, नाहीतर हजारोंची वस्तू स्लॅबवर आपटते. दुसऱ्या अक्षाची पकड ढिली केली आणि नळी आडवी धरली. पुढचं तोंड खाली जाऊ लागलं तर नळी खोबणीतून मागे सरकवायची, कॅमेऱ्याची बाजू खाली जाऊ लागली तर पुढे. ती सोडल्या जागी राहिली की तिची पकड आवळायची आणि पहिल्या अक्षाची सोडायची. मग दांड्यावरची वजनं आतबाहेर करत दुर्बीण आणि वजनं एकमेकांना तोलून धरतील अशी जागा शोधायची. हा क्रम मोडायचा नाही, आधी नळी आणि नंतर वजनं. शेवटी त्यानं दोन्ही हात सोडले. दुर्बीण हवेत तशीच थांबली. करंगळी लावली की फिरे, काढली की थांबे.

मला आमची सहामाही आठवली. संगणक येण्यापूर्वी बँकेत लेजरं जुळवायची म्हणजे एक सोहळाच असे. जमेची तेरीज, नाव्याची तेरीज, आणि खाली दोन आकडे सारखे येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. एका वर्षी आमच्या शाखेत २७ पैशांचा फरक राहिला. नवीन लागलेल्या कारकुनानं खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, "घ्या साहेब, मिटवा." आमचे हेडक्लार्क त्याच्यावर असे भडकले, की विचारू नका. कारण २७ पैसे ही रक्कम नसते. ती खूण असते. फरकाला नऊनं भाग जात असेल तर कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, ४५ चे ५४ लिहिलेले असतात. कधी दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि खाली फक्त पैसे उरतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, कधीकधी काहीच उरत नाही. बेरजा तंतोतंत जुळतात आणि खाती चुकलेली असतात. तोल साधला म्हणजे हिशेब खरा झाला असं नसतं, हे मी तिथे शिकलो.

दुर्बिणीचंही तेच निघालं. आडवी ठेवली तर तोललेली होती. उभी आकाशाकडे केली तर एका अंगाला कलायची, कारण छोटी दुर्बीण एका बाजूला बसवली होती आणि तिचं वजन आडव्या तोलात लपून गेलं होतं. ती चूक त्यानं दुसऱ्या रात्री काढली. तरी तारे पळतच होते. मग त्यानं पुण्यातल्या एका अनुभवी हौशी निरीक्षकाला फोन लावला आणि फोन ठेवून गोंधळलेल्या चेहऱ्यानं मला म्हणाला, "काका, ते म्हणायलेत की तोल जरा बिघडव. पूर्वेकडची बाजू जराशी जड ठेव."

कारण ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आणि नंतर वाटलं की हे तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

बैठकीच्या पोटात एक मळसूत्री दांडा असतो आणि तो एका दातेरी चाकाला फिरवतो. दाते एकमेकांत घट्ट बसवले तर चाक अडकतं, म्हणून त्यांच्यामध्ये केसाएवढी मोकळीक ठेवावीच लागते. तोल जर तंतोतंत असेल तर चाक त्या मोकळिकीत तरंगत राहतं. वाऱ्याची झुळूक आली, वायर जराशी ओढली गेली, की या दात्यावरून त्या दात्यावर. संगणक हुकूम देतो तेव्हा मोटार फिरते, पण ती आधी मोकळीक ओलांडते; तेवढा वेळ तारा हलतच नाही. संगणक वैतागून आणखी हुकूम देतो, आणि मग एकदम जास्त हलतं. उपाय असा : मोटार दुर्बिणीला सतत पश्चिमेकडे नेत असते, म्हणून पूर्वेकडची बाजू थोडी जड ठेवायची. वजन दांड्यावर करंगळीच्या पेराएवढं सरकवलं तरी पुष्कळ. मग मोटार कायम थोडं ओझं उचलत राहते, आणि दात्याला दाता टेकलेला राहतो. मध्यरात्री तारा डोक्यावरून पश्चिमेला कलला की दुर्बीण उलटी करून घ्यावी लागते. तेव्हा दुर्बीण पूर्वेला येते आणि वजनं पश्चिमेला. मग वजन तेवढंच आत घ्यायचं.

ही गोष्ट पोरानं खाली अंगणात बसलेल्या आजोबांना सांगितली. आजोबांनी आयुष्यभर बैलगाडी हाकलेली. ते म्हणाले, "मग ह्यात नवीन ते काय?"

खरंच, नवीन काय? कापसाचे बोंदरे गाडीत भरताना आमचा सालगडी मला हेच सांगायचा. ओझं आसावर बरोबर तोललं तर गाडी खड्ड्याखड्ड्याला वर-खाली करते, जू बैलांच्या मानेवर आपटत राहतं. मागे जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून ओझं पुढच्या अंगाला जरासंच जास्त ठेवायचं. जू मानेवर टेकलेलं राहिलं पाहिजे, पण मान दबता कामा नये. किती, ते शिकवता येत नाही. भरून-भरून हाताला कळतं.

त्या रात्री वजन पेरभर सरकवलं. लॅपटॉपवरची करवतीसारखी दातेरी रेघ हळूहळू निवली. ती रेघ वाचायला पोरगं आता चांगलंच शिकलं आहे. रेघ आठ-दहा मिनिटांनी त्याच त्या लाटा घेत असेल तर मळसूत्री दांड्याचा दोष. हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर अक्ष ध्रुवाला नीट लागलेला नाही. मध्येच उडी मारली तर वायर कुठंतरी अडकली. आणि झोक्यासारखी इकडून तिकडे जात असेल तर दात्यांतली मोकळीक. आमचे हेडक्लार्क आज असते तर त्यांनी या पोराला तिथल्या तिथे नोकरीवर घेतलं असतं.

आता माझे पैसे त्यात का अडकले, ते सांगतो.

१९८५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून वर्तमानपत्रं भरून वाहत होती. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखेत नवा अधिकारी होतो. एक माध्यमिक शिक्षक कर्जाचा अर्ज घेऊन आले. रक्कम चार हजार रुपये. कारण : दुर्बीण. शाळेच्या मुलांना धूमकेतू दाखवायचा होता. मी अर्जावरून नजर फिरवली आणि पुस्तकातला प्रश्न विचारला, "यातून उत्पन्न काय?" ते म्हणाले, "उत्पन्न नाही साहेब. पण हा पुन्हा २०६१ साली येणार आहे." मी हसलो. ते नव्हते हसले. मी अर्ज नाकारला. नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी एका लग्नासाठीचं कर्ज फर्निचरच्या दुकानाच्या नावाखाली डोळे झाकून मंजूर केलं होतं, त्यातूनही उत्पन्न शून्यच होतं. धूमकेतू फेब्रुवारी १९८६ मध्ये सूर्याला वळसा घालून निघून गेला. ते गुरुजीही आता नाहीत. शेजारच्या पोरानं पुण्यातून जुनी बैठक आणि छोटी दुर्बीण घ्यायची ठरवली तेव्हा निम्मे पैसे मी बिनव्याजी दिले. लोक याला मदत म्हणतात. माझ्या दप्तरी ती एका जुन्या नकाराची वसुली आहे.

या निमित्तानं मी आसपासच्या दोन-तीन शाळांत डोकावलो. एका शाळेत दुर्बीण निघाली! कुलूपबंद कपाटात, मूळ खोक्यात. नळी चकचकीत, चांगली जाड. आणि तिच्याखालचं तिपाई-स्टँड असं लेचंपेचं, की नुसता श्वास सोडला तरी चंद्र भिंगातून बाहेर जाईल. घेणाऱ्यांनी नळीचा आकार बघितला, बैठकीकडे कुणी बघितलंच नाही. मुलांना दाखवता का, असं विचारल्यावर तिथले शिक्षक खाली आवाजात म्हणाले, "साहेब, ही जडसंग्रह नोंदवहीत आहे. मोडली तर भरून कोण देणार?"

त्या शिक्षकांना दोष द्यावासा मला वाटला नाही. ज्या व्यवस्थेत वस्तू वापरून झिजली तर जाब, आणि न वापरता गंजली तर कौतुक, त्या व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावील. पण म्हणूनच माझं म्हणणं आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला : आपण नळीवर खर्च करतो आणि बैठकीवर करत नाही. दुर्बिणीच्या बाबतीत तर करतोच, सगळ्याच बाबतींत करतो. इमारत बांधतो, प्रयोगशाळेचा सेवक नेमत नाही. संगणक घेतो, दुरुस्तीची तरतूद ठेवत नाही. उद्घाटनाच्या फोटोत नळी दिसते. पासंग, मळसूत्र आणि रात्री दोन वाजता वजन पेरभर सरकवणारा हात दिसत नाही. ताऱ्यांचा फोटो मात्र त्या न दिसणाऱ्या गोष्टींवरच येतो.

कुणी म्हणेल, मराठवाड्यातल्या शाळांना पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह आधी हवं, दुर्बिणीचं काय घेऊन बसलात? म्हणणं रास्त आहे. टाकी आधीच हवी. पण टाकीचा नळ गळू लागल्यावर तो दुरुस्त करणारं कुणी नसतं, हाच तर माझा मुद्दा आहे. दुसरं कुणी म्हणेल, आता पासंगाची गरजच नसलेल्या हार्मोनिक बैठका आल्या आहेत, हे तोल साधणं जुनं झालं. आल्या आहेत, हे खरं. आणि लाख-दोन लाख मोजू शकणाऱ्यांनी त्या जरूर घ्याव्यात. पण त्याही तिपाईवर एका अंगाला भार गेला की कलंडतात, त्यांच्याही वायरी अडकतात, आणि त्यांच्या रेघेवरून दोष ओळखायला शेवटी माणूसच लागतो. यंत्रानं हाताचं काम कमी केलं तरी हाताची जाण संपवली तर यंत्र आपलं राहत नाही. ते कंपनीचं राहतं आणि आपण फक्त गिऱ्हाईक.

आणि हे काम आपल्या मातीला नवखं नाही. लोहा-कंधारचा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या पैशानं वेधशाळा उभारली, आणि १९०८ मध्ये ती सरकारकडे गेली. तीच निजामिया वेधशाळा. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या एका जागतिक संकल्पात जगातल्या निरनिराळ्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते आणि काचेच्या पट्ट्यांवर सगळ्या आकाशाचे फोटो काढायचे ठरवले होते. हैदराबादच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला, आणि पुढे उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचाही. व्याधाच्या जरासं दक्षिणेला, मृगाच्या पायाखाली जो शशक दिसतो, तो या दक्षिणेच्या पट्ट्यातला. तेव्हा संगणक कुठले! छोट्या दुर्बिणीतल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारांच्या फुलीवर एक तारा धरायचा आणि फोटो होईपर्यंत डोळा न हलवता, हातानं तो फुलीवरच ठेवायचा. वर्षानुवर्षं माणसांनी हे केलं. पोकॉक नावाच्या संचालकांचं १९१८ साली पदावर असतानाच निधन झालं, पुढे टी. पी. भास्करन यांनी ते काम नेटानं चालवलं. लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून, छापून काढल्या गेल्या.

त्याचं काय झालं? पुष्कळ वर्षं काहीच झालं नाही. ग्रंथ कपाटात राहिले. मग युरोपच्या हिप्पार्कोस उपग्रहानं १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा अतिशय सूक्ष्मपणे मोजल्या. तारे किती सरकले हे कळायला जुन्या जागा लागतात, आणि त्या या जुन्या ग्रंथांत होत्या. त्या सगळ्या वेधशाळांच्या नोंदी जोडून २००० साली २५ लाख ताऱ्यांची टायको-२ सूची तयार झाली. म्हणजे हैदराबादच्या थंडीत कुणीतरी फुलीवरून तारा ढळू दिला नाही, त्याचं व्याज जवळजवळ ऐंशी वर्षांनी जमा झालं. आम्ही बँकवाले दहा वर्षांच्या मुदतठेवीलाही लांबची म्हणायचो!

आणि पुढचा हिशेब तर दारातच येऊन उभा आहे. लोह्यापासून शंभरेक किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा होणार आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना काचेच्या धाग्यांवर, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकांनी टांगलेले चाळीस-चाळीस किलोचे आरसे. अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्याही हजाराव्या भागापेक्षा कमी हलणं मोजायचं. ही नळी नव्हेच, ही सगळी बैठकच आहे! सगळं शहाणपण टांगण्यात, तोलण्यात आणि थरथर मारण्यात.

ती उभी राहील तेव्हा आमच्या भागातल्या पोरांना तिथे काय काम मिळेल? फाटकावर पहारा, गाडी चालवणं, कँटीन. या कामांना मी कमी लेखत नाही. पण निर्वात नळीचा सांधा तपासणारा, आरशाची टांगणी जुळवणारा, रेघ बघून "हा दोष वायरीचा आहे" म्हणून सांगणारा हातही हिंगोलीचा, कंधारचा, अहमदपूरचा असावा, असं मला वाटतं. तो हात भरतीच्या जाहिरातीनं एका दिवसात तयार होत नाही. तो सोळाव्या वर्षी कुठल्यातरी स्लॅबवर, एका हातानं नळी धरून दुसऱ्या हातानं वजन सरकवताना तयार होतो. किंवा बापाच्या वाइंडिंगच्या दुकानात.

म्हणून माझं मागणं लहान आहे. शाळेला दुर्बिणीसाठी पैसे मिळाले तर निम्म्याहून जास्त बैठकीवर घाला. नळी लहान चालेल. उरलेल्यातून एका शिक्षकाला चार रात्री शिकायला पाठवा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईत खगोल मंडळ १९८५ पासून हौशी माणसांच्या बळावर हे शिकवत आले आहेत. असं एखादं मंडळ आपल्या नांदेड-लातूरकडे तालुक्याच्या ठिकाणी का असू नये? आणि सर्वांत महत्त्वाचं : जडसंग्रह नोंदवहीत 'मुलांच्या हातून वापरताना मोडली' असा एक रकाना घाला आणि त्यापुढे निर्लेखनाचा अधिकार मुख्याध्यापकाला द्या. बँका कोट्यवधींची कर्जं निर्लेखित करतात आणि त्याला व्यवहार म्हणतात. शाळेची आठ हजारांची दुर्बीण मुलांच्या हातून मोडली तर त्याला शिक्षण म्हणायला काय हरकत आहे?

परवा मार्गशीर्षातल्याच अंधाऱ्या रात्री पोरानं पुन्हा वर बोलावलं. मृगाच्या तेजोमेघाचे तीन-तीन मिनिटांचे चाळीस फोटो झाले होते. त्यातले सहा वाया गेले. आई वाळवण बघायला स्लॅबवर आली होती, तिच्या पावलांनी. बाकीचे चौतीस स्वच्छ. तारे टाचणीच्या टोकासारखे गोल. त्यानं ते एकावर एक रचले, आणि काळ्या पडद्यावर जास्वंदीच्या पाकळीसारखा तो तेजोमेघ उमलून आला. माझ्या गुडघ्यांना थंडी बाधत होती, पण उठवेना.

"काका," तो म्हणाला, "हॅले येईल तवा मी चौपन्न वर्षांचा असंन. तवा काढतो की फोटो."

मी मनातल्या मनात माझं वय मोजलं आणि तो आकडा खोडून टाकला. मग त्याला म्हटलं, "काढ बाबा. फक्त त्या वेळी एखादं लहान पोरगं शेजारी उभं राहू दे. आणि वजन सरकवायचं ते त्याला सरकवू दे."